खाडीपाशी बस थांबते

पत्र थोडक्यात असं: वाचक 52 वर्षांच्या, नागपुरात मानेवाडा भागात राहतात, सरकारी कार्यालयात नोकरी करतात. जानेवारीत दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. 46 वर्षांच्या धाकट्या बहिणीला घेऊन, पाठीवर बॅग टाकून, एसटीने कोकण किनारा करायचा आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नऊ मुक्काम ठरवलेत. यजमान म्हणतात, "हे भिकेचे डोहाळे आहेत." मुलगा म्हणतो, "मीच गाडी काढतो, आपण सगळेच जाऊ." बाईंनी एसटीत किती पैसे वाचतात याचा तक्ता करून दाखवला, तो कोणी धड पाहिलाही नाही. गुडघे अधूनमधून कुरकुरतात आणि बहिणीला घाटात उलटीचा त्रास होतो. त्या विचारतात, "घरच्यांना कसं पटवू? आणि या वयात हे जमण्यासारखं आहे का?"

ताई,

तुमचा तक्ता मी नीट पाहिला. आकडे बरोबर आहेत, तरी तो घरी चालला नाही याचं नवल वाटत नाही. चौघं एका गाडीत बसले की माणशी खर्च बराच खाली येतो, मग "वाचतात किती?" या प्रश्नात दम राहत नाही. शिवाय पैसे वाचवायला तुम्ही निघालेल्या नाहीतच. पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: "कुठे थांबायचं हे एकदा तरी मला ठरवायचं आहे." घरी हेच सांगा. तक्ता पुढे केलात म्हणून यजमान पैशांवर बोलले आणि मुलाने त्यावर तोडगा काढला. दोघांनी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर दिलं, प्रश्न तेवढा दुसराच होता.

आता बेताबद्दल, कारण मला खरी अडचण तिथे दिसते. तुमच्या नऊ मुक्कामांच्या यादीमागे एक समज आहे: समुद्र उजव्या हाताला ठेवून किनाऱ्याने एक रस्ता खाली जातो आणि त्यावरून एसटी एका गावाहून पुढच्या गावाला नेते. नकाशात तसं दिसतं खरं. पण सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघणाऱ्या नद्या इथे समुद्राला मिळतात, आणि मिळताना खाडी करून किनारा कापतात. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटण. बऱ्याच खाड्यांवर पूल झालेत, पण एसटीची आखणी अजूनही माशाच्या काट्यासारखी आहे. मधला कणा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, समुद्रापासून बराच आत. त्याला तालुक्याची गावं जोडलेली आणि तालुक्यापासून एकेक गाडी किनाऱ्यावरच्या गावाला जाऊन परत येते. गावाहून तालुक्याला जायला गाडी मिळते, शेजारच्या गावाला जायला बऱ्याचदा मिळत नाही, मग ते समोरच्या काठावर डोळ्यांना दिसत का असेना.

म्हणून अलिबाग ते वेंगुर्ले सोडा. दहा दिवसांतले चार नागपूरहून जाण्यायेण्यात आणि आरामात जातील. उरलेल्या सहा दिवसांत एकच तुकडा घ्या आणि ठिकाणांऐवजी खाड्या मोजा: दोन खाड्या, तीन मुक्काम. माझी शिफारस खेडला उतरून दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत रत्नागिरीला संपवायची. मालवण-वेंगुर्ल्याचा तुकडाही सुरेख आहे, कुडाळ स्टेशनहून मालवण तीसेक किलोमीटर. पण तुम्हाला बोटीने खाडी ओलांडायची हौस आहे असं पत्रावरून वाटतं, आणि ती हौस या पट्ट्यात दोनदा फिटते.

नागपूरहून जायला नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते. ती कल्याण, पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि खेड, चिपळूण, रत्नागिरी या तिन्ही ठिकाणी थांबते. विशेष गाडी असल्याने तिला मुदतवाढ मिळत राहते, तेव्हा ती सुरू आहे ना आणि वेळ काय, हे आधी पाहा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, जानेवारीच्या मध्याला निघायचं तर नोव्हेंबरच्या मध्यालाच तारीख धरा. ही गाडी जमली नाही तर विदर्भ एक्सप्रेसने कल्याण किंवा ठाणे आणि तिथून कोकण रेल्वेची दुसरी गाडी. मात्र दोन्ही गाड्या एकाच दिवशी जोडायच्या असतील तर मध्ये किमान चार तास ठेवा.

खेड स्टेशनहून आधी रिक्षाने खेडच्या बसस्थानकावर, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. दापोलीहून मुरुड, कर्दे, हर्णै ही किनाऱ्यावरची गावं. एक घोटाळा मात्र टाळा. मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात. हे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं गाव. खोली फोनवरून धरताना "दापोलीचं मुरुड ना?" असं विचारूनच पैसे पाठवा. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. लिलाव संपेपर्यंत परतीची एसटी गेलेली असते हे मात्र बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतं, म्हणून येताना रिक्षा ठरवूनच ठेवा.

वेळापत्रकाचं गणित इथेच समजून घ्या, कारण सगळी गडबड त्यात होते. खेडेगावाची शेवटची एसटी ही बहुधा मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी तालुक्याहून सुटते, रात्री गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली म्हणून परत फिरते. म्हणजे संध्याकाळी गावात यायला गाडी आहे, पण गावातून बाहेर पडायला सकाळपर्यंत नाही. "शेवटची गाडी किती वाजता?" एवढंच विचारलं तर जे उत्तर येतं ते गावात येणाऱ्या गाडीचं असू शकतं. म्हणून विचारताना असं विचारा: "इथून तालुक्याला जाणारी आजची शेवटची कोणती?" आणि हे चौकशी खिडकीवर विचारून झाल्यावर कंडक्टरलाही विचारा, दोन उत्तरं जुळली तर खरं. आगाराला आपल्याच गाड्यांची नीट माहिती असते. दापोलीत बसून गुहागर आगाराची वेळ विचारण्यात अर्थ नाही. स्थानकातल्या फलकाचा फोटो काढून ठेवा, रेंज गेली की तोच कामाला येतो.

तुम्ही निवडलेला महिना हवेला उत्तम, एसटीला थोडा वाईट. डिसेंबर-जानेवारीत आगारांच्या गाड्या शाळांच्या सहलींना जातात आणि मग एखादी गावातली फेरी त्या दिवशी निघतच नाही. फलकावर ती असते, धावत नाही. यासाठी साधा नियम: आदल्या संध्याकाळी खात्री करायची, आणि नव्या मुक्कामाकडे दुपारनंतर निघायचं नाही. सकाळी आठ ते अकरामध्ये निघा. सातच्या आणि पाचच्या सुमाराच्या गाड्या शाळा-कॉलेजच्या मुलांनी भरलेल्या असतात, त्यात बॅग घेऊन चढणं म्हणजे नागपुरात बर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी खरेदीला शिरणं.

आता पहिली खाडी. दापोलीहून दाभोळला एसटी तासाभरात नेते. दाभोळ जेटीवरून समोर धोपावे, मधली वाशिष्ठी बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पार होते. जंगलजेटी म्हणतात तिला. गाड्या, ट्रक, माणसं सगळं एकत्र, पायी प्रवाशाचं तिकीट किरकोळ. सगळे अडकतात ते त्या काठावर. बोट धोपाव्याला लागते, गाड्यावाले आपापल्या गाड्या चालू करून निघून जातात, आणि पायी उतरलेला माणूस चढावर उभा राहतो. एसटीची वेळ बोटीशी जुळवलेली नसते. गुहागर तिथून पंधरा-सोळा किलोमीटर आहे. तेव्हा दाभोळलाच तिकीट काढताना विचारा की पलीकडे गुहागरची गाडी किती वाजता, आणि ती दीड तासाहून लांब असेल तर गुहागरच्या मुक्कामाच्या घरी फोन करून रिक्षा धोपाव्याला पाठवायला सांगा. हा फोन अलीकडच्या काठावरूनच करा. दुसरा मार्ग म्हणजे बोटीतच एखाद्या गाडीवाल्या कुटुंबाला विचारणं. दोघी बायका असल्या की बहुतेक जण घेतात, पण मुलं-बायका असलेलीच गाडी बघा आणि तिचा नंबर बहिणीला नव्हे, घरी मुलाला पाठवा.

दुसरी खाडी तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीवर. गुहागरहून तवसाळला गाड्या मोजक्या आहेत. तुमच्या दिवशी वेळ जमत नसेल तर हट्ट करू नका, भातगाव पुलावरून रत्नागिरीकडे जाणारी गाडी मिळते का ते गुहागर स्थानकात विचारा. जमली तर मात्र जयगडला उतरून कऱ्हाटेश्वराचं देऊळ बघून गणपतीपुळ्याला जाता येतं. पुळ्याहून रत्नागिरीला दोन रस्ते आहेत. गाडीच्या पाटीवर 'मार्गे' पुढे काय लिहिलंय ते वाचा. 'आरे-वारे' असेल तर समुद्राच्या कडेने पंचवीसेक किलोमीटर, 'निवळी' असेल तर आतून, जवळजवळ दुप्पट. तिकिटाच्या पैशांतही फरक पडतो, पण खिडकीतून जे दिसतं त्यात जास्त पडतो. आरे-वारेच्या गाडीत उजवीकडची खिडकी धरा.

तिकिटावरून आठवलं. तुम्ही एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास धरलाय. तो चार आणि सात दिवसांचा मिळतो आणि रोज दोन-अडीचशे किलोमीटर फिरणाऱ्याला फायद्याचा आहे. 17 मार्च 2023 पासून राज्यात एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तुमचे टप्पे तीस-चाळीस किलोमीटरचे. पासाची आजची किंमत गणेशपेठ स्थानकात विचारा आणि सहा दिवसांच्या अर्ध्या तिकिटांची बेरीज शेजारी मांडा, पास वसूल होणार नाही. ग्रामीण गाड्यांना आरक्षण नसतं, तेव्हा त्याचाही शोध घेऊ नका. कंडक्टरकडे आता मोबाइलवरून पैसे देता येतात, पण खाडीकाठी रेंज नसली की मशिन आणि मोबाइल दोन्ही फिरत बसतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा गणेशपेठेतूनच सुट्ट्या करून न्या. एटीएम तालुक्याच्या गावी, किनाऱ्यावर त्याचा भरवसा नाही.

समुद्राबद्दल एक गोष्ट नागपूरकरांना हमखास सांगावी लागते. फुटाळा तलावाचं पाणी दिवसभर एकाच जागी असतं, समुद्राचं नसतं. भरतीची वेळ काढायला कोकणातल्या लोकांचा हिशेब पाठ करा: तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल-कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित, अर्धा-पाऊण तासाचा फरक धरून. घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच, निघण्यापूर्वी सहाही दिवसांच्या वेळा काढून वहीत लिहा. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ म्हणून खडकातली चीर आहे, तिथे भरतीचं पाणी कोंडून वर उसळतं. ते बघायचं भरतीलाच, पण लांबून, ओला खडक संपतो त्याच्या मागे उभं राहून. चालायला-शिंपले वेचायला मात्र ओहोटी, आणि पाणी चढायला लागलं की खडकावरून परत. गणपतीपुळ्याच्या पाण्यात कमरेइतकंही जाऊ नका. तिथे किनारा एकदम खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढते. पोहता येणारेही तिथे बुडालेत.

गुडघ्यांचं उत्तर बॅगेच्या वजनात आहे. 35 ते 40 लिटरची बॅग, भरून सात किलोच्या आत, घरच्या वजनकाट्यावर मोजून. लालपरीचा वरचा रॅक अरुंद असतो, मोठी बॅग तिथे बसत नाही आणि मांडीवर घेऊन दोन तास काढावे लागतात. चाकांची बॅग तर नकोच, वाळूत आणि जांभ्या दगडाच्या पाखाडीवर चाकं गेल्यात जमा. पाखाडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची गल्ली. रत्नागिरी जिल्ह्यात बरीच देवळं आणि घरं तिच्या टोकाला असतात, म्हणून खोली धरताना "रस्त्यापासून किती पायऱ्या?" हे जरूर विचारा. कपड्यांत जीन्स आणि जाड टॉवेल काढून टाका. आपल्याकडे घाम लगेच वाळतो, तिथे हवेतच पाणी असतं. रात्री धुतलेली जीन्स दुसऱ्या रात्रीही ओली असते. तीन पातळ कुर्ते, दोन सलवारी, पंचा, पाच मीटर नायलॉनची दोरी आणि चिमटे पुरतात. चपला मागे पट्टा असलेल्याच घ्या, जेटीच्या उतारावर शेवाळ असतं. टॉर्च हवाच.

बहिणीच्या उलटीसाठी: पुढच्या चाकाच्या आणि मागच्या चाकाच्या मधली जागा, शक्यतो पुढे, खिडकी उघडी, नजर लांब रस्त्यावर, मोबाइल बंद. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगी पडत नाही. उपाशीपोटी बसवू नका, तर्री-पोहे खाऊनही नको.

मुक्कामाचं. घरगुती न्याहारी-निवासाच्या खोल्या दापोली-गुहागर पट्ट्यात भरपूर आहेत. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी किनाऱ्यावर उतरते, दर चढतात आणि जेवणाला ताटं कमी पडतात, म्हणून शनिवार-रविवार गुहागरला आणि गणपतीपुळे सोमवार ते गुरुवारात बसवा. संकष्टी आणि माघी गणेश जयंती पुळ्याला टाळा. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टीही. पहिला आणि शेवटचा मुक्काम पक्का करून ठेवा, मधल्यांसाठी दोन-दोन नंबर वहीत असू द्या. काही लॉजवाले एकट्या-दुकट्या बायकांना खोली द्यायला कां-कूं करतात, तेव्हा फोनवरच सांगून टाका की आम्ही दोघी बहिणी आहोत. जेवण सकाळी दहापर्यंत सांगावं लागतं. मोदक तर आदल्या दिवशी. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे मागा. सावजीच्या सवयीला पहिले दोन दिवस सगळं गोडसर वाटेल.

आता गाडीबद्दल, कारण मुलाच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. हेदवी, वेळणेश्वर, आडबाजूची देवळं, वाटेत कुठेही थांबणं, यांत गाडी एसटीला सरळ हरवते. गुडघे जास्त दुखत असते तर मीही गाडीच सुचवली असती. पण नागपूर-रत्नागिरी नऊशेच्या आसपास किलोमीटर आहे, दोन्ही वेळचं धरून मुलाचे चार दिवस स्टीअरिंगवर जातील. आणि गाडीत चौघं असले की कुठे थांबायचं हे ज्याच्या हातात स्टीअरिंग तो ठरवतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. मधला मार्ग आहे: चार दिवस दोघी बहिणी, आणि शेवटचे दोन दिवस यजमान आणि मुलगा रेल्वेने थेट रत्नागिरीत. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मघर, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक हे सगळं तेव्हा ठेवा आणि त्या दोन दिवसांसाठी रत्नागिरीत भाड्याची गाडी करा. परतीचं तिकीट चौघांचं एकत्र काढा. परतीची गाडी रत्नागिरीत कोणत्या वेळी येते तेही तेव्हाच बघा. अपरात्रीची असेल तर स्टेशन शहरापासून लांब आहे, चौघं असलात तर ते बरंच.

यजमानांशी बोलायला बसाल तेव्हा तक्ता कपाटात राहू द्या. एक कागद घ्या, त्यावर रोजची एक ओळ: तारीख, कुठून निघणार, किती वाजता, मुक्कामाच्या घराचा फोन, भरतीची वेळ. आणि खाली एवढंच: रोज संध्याकाळी सात वाजता फोन, रेंज नसेल तर मुक्कामाच्या घरून. "दोघी कुठेतरी कोकणात आहेत" यातल्या 'कुठेतरी'ची घरच्यांना धास्ती असते. धोपाव्याच्या चढावर उभं राहायचा तास त्या कागदावर आधीच लिहिलेला असला तर तो त्यांनाही दिसेल. "भिकेचे डोहाळे" हे त्यांनी परत म्हटलंच तर म्हणू द्या, कागद मात्र फ्रिजवर लावा.

स्वेटर एकच न्या, रेल्वेपुरता. दापोलीला पहाटे एखाद्या वेळी लागेल, पुढे बॅगेच्या तळाशी जाईल. आणि संध्याकाळच्या वेळा ठरवताना लक्षात ठेवा, तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा मावळतो. सकाळी तो उगवतोही थोडा उशिराच, म्हणून सहाची पहिली गाडी धरायची असेल तर टॉर्च बॅगेत वर ठेवा.